तंबूतला अंधार : आवडलेले आणि नकोसे झालेले चित्रपट

रसास्वादाच्या पुस्तकांत चांगल्या चित्रपटाची लक्षणे सांगितलेली असतात. कथा बांधेसूद हवी, अभिनय सहज हवा, छायालेखन आशयाला पोषक हवे, इत्यादी. ही लक्षणे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु चित्रपट पाहून बाहेर पडलेला माणूस या लक्षणांचा ताळेबंद मांडून आपली आवडनिवड ठरवीत नाही. एखादा चित्रपट त्याला जन्मभर पुरतो. एखाद्याबद्दल मात्र तो वर्षानुवर्षे म्हणत राहतो, ‘हा पाहिलाच नसता तर बरे झाले असते.’ असे का घडते, आणि विशेषतः गावकुसाबाहेरून आलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीत ते कसे घडते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मी एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात मी एक साधा उपक्रम घेतो. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन नावे लिहायची : सर्वात आवडलेला चित्रपट आणि पाहिल्याचा पश्चात्ताप झालेला चित्रपट. पहिल्याच वर्षी माझ्या ध्यानात आले की ‘सैराट’ (२०१६) दोन्ही रकान्यांत येतो; इतकेच नव्हे तर काही चिठ्ठ्यांवर तो एकाच हाताने दोन्हीकडे लिहिलेला असतो. एका मुलीने लिहिले होते, ‘पहिले दोन तास आवडले, शेवट पाहायला नको होता.’ एका मुलाने कारण लिहिले नव्हते. वर्गानंतर विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘सर, आमच्याकडं तो शेवट माहितीच असतो. पैसे देऊन कशाला बघायचा?’

या दोघांचे म्हणणे वरवर सारखे वाटते. पण मुलीला तो शेवट अनपेक्षित आहे म्हणून नको आहे, आणि मुलाला तो परिचित आहे म्हणून नको आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित पोराला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून झाडाला लटकवले गेले. २०१७ साली त्या खटल्यातले आरोपी सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. हे ज्याच्या घरात बोलले गेले आहे, तो मुलगा आणि हे ज्याने वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ओझरते पाहिले आहे, तो मुलगा एकाच प्रेक्षागृहात शेजारी-शेजारी बसले तरी एकच चित्रपट पाहत नाहीत. आवडनिवडीचे मूळ येथे आहे. म्हणून प्रत्येक चित्रपटाला एक प्रश्न विचारला पाहिजे : खुर्चीत कोण बसले आहे असे तो गृहीत धरतो?

या प्रश्नाने मागे वळून पाहिले तर आरंभापासूनच एक गोष्ट दिसते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली भारतीय कथापटाचा पाया घातला तो ‘राजा हरिश्चंद्र’ने. १९३२ साली मराठीतला पहिला बोलपट आला, ‘अयोध्येचा राजा’, तोही हरिश्चंद्राचाच. आपण सर्वांनी ऐकलेल्या या कथेत दुःखाचा कळस कोणता? राजाला डोंबाची चाकरी करावी लागते, मसणवटीत राहावे लागते. ऐकणारा हळहळतो तो राजासाठी. ज्या डोंबाचे ते पिढीजात काम आहे, त्याच्यासाठी या कथेत एकही आसू राखून ठेवलेला नाही. गावातल्या मढ्यासाठी सरणाची लाकडे वाहणे ज्यांच्या माथी मारले होते, त्या महारवाड्यातल्या माणसाने ही कथा पाहताना नेमके कोठे रडावे? राजावर कोसळलेले संकट हे तर त्याचे रोजचे जगणे होते.

त्यानंतर आली दयेची परंपरा. १९३६ सालचा ‘अछूत कन्या’ आजही पुरोगामी चित्रपट म्हणून गौरविला जातो. तो धाडसी होता हे मान्य केले पाहिजे. त्यातली कस्तुरी, म्हणजे देविका राणी, शेवटी रेल्वेच्या रुळावर प्राण देते आणि प्रेक्षकाच्या मनात तिचे देऊळ होते. पण १९३६ हे वर्ष आपल्यासाठी दुसऱ्याही गोष्टींचे आहे. आदल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केलेली होती. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईत ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण झाले. लाहोरच्या मंडळाने नाकारलेले जातिसंस्थेच्या निर्मूलनाचे भाषणही त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापले गेले. प्रत्यक्षात अस्पृश्य माणूस उठून उभा राहत होता, त्याच वेळी पडद्यावरची अस्पृश्य मुलगी मरून इतरांना शहाणे करीत होती. पडद्याने आपल्याला मरणात मोठेपण दिले, जगण्यात दिले नाही.

बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९) हा याच वाटेवरचा, पण अधिक कोवळा चित्रपट आहे. नूतनचा अभिनय कोणालाही आवडेल, मलाही आवडतो. उच्चवर्णीय घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी. घरातली बाई तिला ‘मुलीसारखी’ म्हणते, पण ‘मुलगी’ म्हणत नाही. शेवटी त्या बाईला रक्ताची गरज पडते, सुजाताचे रक्त जुळते, आणि मग ती मुलगी होते. माझ्या वर्गात हा चित्रपट पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, ‘आणि रक्त जुळलं नसतं तर?’ या एका प्रश्नाने चित्रपटाचा सगळा गोडवा ओसरतो. माणूसपण सिद्ध करण्यासाठी रक्ताची बाटली भरून द्यावी लागते, ही अट ज्याच्यावर कधीच लादली गेली नाही, त्याच्या डोळ्यांतच तो शेवट सुखाचा ठरतो.

सत्तरच्या दशकात समांतर चित्रपट आला आणि दयेची जागा वास्तवाने घेतली. श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ (१९७४), सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी केलेला ‘सद्गती’ (१९८१) ही त्यातली ठळक नावे. ‘सद्गती’ ही श्रेष्ठ कलाकृती आहे यात शंका नाही. ओम पुरीचा दुखी उपाशीपोटी बामणाच्या दारात लाकूड फोडता फोडता मरतो. त्याच्या प्रेताला हात लावायचा नाही म्हणून बामण पायाला दोरी बांधून ते ओढत नेतो. जातिव्यवस्थेवर याहून भेदक भाष्य पडद्यावर क्वचितच झाले असेल. तरीही हा चित्रपट मी माझ्या मायला कधी दाखवला नाही. दाखवायला मन धजत नाही. माझा आजा पाटलाच्या वाड्यावर लाकडे फोडीत असे. मायने बापाला तसे खपताना पाहिले आहे. ज्याला हे ठाऊक नाही, त्याने ‘सद्गती’ जरूर पाहावा, एकदा नव्हे दोनदा पाहावा. ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यातून काय मिळते? दुखीच्या हातात कुऱ्हाड आहे, पण ती लाकडापलीकडे कोठे वळू शकते असे त्या चित्रपटात कोणाच्याही मनात येत नाही.

एखादे दुःख खरे आहे एवढ्यावरून ते दाखवण्याचा हक्क आपोआप मिळतो काय? या प्रश्नाचे सर्वात कठोर उदाहरण म्हणजे शेखर कपूर यांचा ‘बँडिट क्वीन’ (१९९४). फूलनदेवी ही मल्लाह समाजातली बाई. तिच्यावर ठाकुरांनी केलेले अत्याचार हा या चित्रपटाचा गाभा. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, परदेशांत तो गाजला. परंतु जिच्यावर तो काढला ती फूलनदेवी जिवंत होती, नुकतीच तुरुंगातून सुटून आली होती. हा चित्रपट दाखवला जाऊ नये म्हणून तीच दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. पुढे तडजोड झाली, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच एका इसमाने घातलेला वाद निकाली काढून चित्रपटाला वाट मोकळी करून दिली. तो निर्णय अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूचा होता, आणि सेन्सॉरच्या कात्रीचा अनुभव असलेल्या आपल्या लेखक-कलावंतांना त्याचे मोल कळते. पण नैतिक प्रश्न त्याने सुटत नाही. भर गावात एकदा जिची विटंबना झाली, तिला तीच विटंबना गावोगावच्या चित्रपटगृहांत रोज तीन-चार खेळांत पाहावी लागली. ‘हा चित्रपट कोणी पाहिलाच नसता तर बरे’ असे म्हणण्याचा अधिकार जर कोणाला असेल तर तो पहिल्याने तिला होता.

मराठी चित्रपटाकडे आलो तर तमाशापटांना ओलांडून जाता येत नाही. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) माझ्या गावात सर्वांना आवडतो, आमच्या वस्तीतही आवडतो. त्यातली गाणी तोंडपाठ नसलेला माणूस शोधून काढावा लागेल. आदर्श मास्तर तमाशातल्या बाईच्या नादाने रसातळाला जातो आणि अखेरीस आपला आदर्श पुतळा शाबूत राहावा म्हणून स्वतःच्याच खुनाबद्दल फाशी पत्करतो. श्रीराम लागूंचे काम असे आहे की मास्तरसाठी जीव तुटतो. मीही शाळकरी वयात रडलो होतो. घरी आल्यावर मायला म्हणालो, ‘त्या बाईनं मास्तरचं वाटोळं केलं.’ माय काहीच बोलली नाही. पुढे कॉलेजात गेल्यावर मला कळले की मायची सख्खी मावशी फडात नाचत असे.

तमाशाच्या फडावर उभी राहिलेली बाई बहुतकरून कोल्हाटी, महार, मांग यांच्या घरातून आलेली. राष्ट्रपती पदकाने गौरविलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे नावच पुरेसे बोलके आहे. ‘पिंजरा’ हा त्या फडाकडे मास्तरच्या बाकावरून पाहतो. तेथून बाई म्हणजे खड्डा दिसते. हाच फड अण्णा भाऊ साठ्यांनी ‘वैजयंता’ कादंबरीत आतून दाखवला आहे. बाई कशी नाचते याबरोबर ती कशासाठी नाचते, तिच्या बिदागीवर किती तोंडे जगतात, तिला कोण ओरबाडते, हे तेथे कळते. या कादंबरीवर १९६१ साली चित्रपटही निघाला. पण आज गल्लीत विचारा : ‘पिंजरा’ सर्वांना ठाऊक, ‘वैजयंता’ क्वचित कोणाला. आपल्यालाच आपल्या मावशीकडे मास्तरच्या नजरेने पाहायला शिकवतो आणि तरीही आवडतो, असाही चित्रपट असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. प्रस्थापित संस्कृतीचे खरे बळ त्यात आहे. तिचा राग येणे सोपे आहे. तिच्या गोडीतून बाहेर पडणे कठीण आहे. ‘पिंजरा’ची गाणी मला आजही आवडतात. मी ती ऐकतो, आणि मायचे ते गप्प राहणे मला आठवते.

मग आपल्याला मनापासून आवडलेले चित्रपट कोणते? माझ्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, चौदा एप्रिलला वस्तीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणत आणि ‘भीमगर्जना’ची कॅसेट लावत. फीत घासलेली, आवाज घरघरता, चित्राला मुंग्या आलेल्या. पण बाबासाहेब पडद्यावर आले की म्हाताऱ्या बाया हात जोडत आणि पोरे उभी राहत. पुढे जब्बार पटेल यांचा मामुट्टीने भूमिका केलेला चित्रपट आला. मूळ इंग्रजी, आम्ही हिंदीतून पाहिला. तो निश्चितच अधिक संपन्न होता. तरी माझ्या मनात घर करून आहे ती घासलेली कॅसेट. कारण ती पाहताना सगळी वस्ती एकत्र होती. कोणी रडले तर का रडले हे कोणाला सांगावे लागत नव्हते. आनंद पटवर्धन यांचा ‘जयभीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट वस्त्यावस्त्यांतून मोकळ्या जागी दाखवला गेला, तेव्हाही असेच घडले. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात झालेला गोळीबार, त्यात गेलेले दहा जीव, शाहीर विलास घोगरे यांनी केलेली आत्महत्या, हे सगळे त्यात आहे. तीन तासांहून मोठा, दुःखाने भरलेला हा चित्रपट. पण तो ‘नकोसा’ झाला असे वस्तीतल्या कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. त्यात आपण मरतो तसे गातोही, भांडतो, हसतो, प्रश्न विचारतो. तेव्हा दुःख दाखवल्याने चित्रपट नकोसा होतो हे म्हणणे बरोबर नाही. आपल्या दुःखात आपल्याला नुसते वस्तू करून ठेवले तर तो नकोसा होतो.

येथपर्यंत विचार सरळ होता. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने तो गुंतागुंतीचा झाला, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१४) मी एम.ए. झालो त्या सुमारास पाहिला. आयुष्यात प्रथमच मला वाटले की हा चित्रपट मी खुर्चीत बसलो आहे हे जाणतो. डुकरामागे धावताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. मारलेले डुक्कर बांबूला बांधून नेत असताना मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र दिसते. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर येतो. ‘अंकुर’च्या शेवटी एका पोराने मारलेला दगड जमीनदाराच्या खिडकीवर बसला होता, आणि प्रेक्षक सुरक्षित होता. चाळीस वर्षांनी आलेला हा दगड प्रेक्षकावर होता. मी टाळ्या वाजवल्या.

नोकरी लागल्यावर मी मोठ्या उत्साहाने हा चित्रपट महाविद्यालयाच्या सभागृहात दाखवला. दोन वाक्यांचे प्रास्ताविक केले आणि दिवे मालवले. चित्रपटात कचरू माने आणि त्याचे घरदार डुकरामागे धावते आणि गावातली पोरे कडेला बसून हसतात. त्याच जागी आमचे सभागृहही हसले. पडद्यावरची पोरे आणि खुर्च्यांतली पोरे एकाच सुरात हसत होती. दगड आला तेव्हा क्षणभर शांतता झाली. दिवे लागले, पोरे बाहेर पडली. डुकरे पाळणाऱ्या समाजातला एक मुलगा त्या सभागृहात बसला होता, हे मला ठाऊक होते आणि मी त्याचा विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्याचे नाव ‘फँड्री’ पडले. आठवड्याने तो कॉलेजात येईनासा झाला. मी वर बोललो तेव्हा ‘पोरांची थट्टा आहे, मनावर घेऊ नका’ असे सांगण्यात आले.

मी त्याच्या घरी गेलो. तो बाहेर आला नाही. त्याच्या बापाने मला बाजेवर बसवले, चहा दिला. म्हणाला, ‘पिच्चर खोटं न्हाई, सर. पोरानं सांगितलं मला सगळं. पण ते आधी आमाला दाखवायचं. मग त्यांना.’

शिकलेल्या माणसाने इतक्या वर्षांत जे ओळखले नाही ते त्या माणसाने एका वाक्यात सांगितले. माझा बाप जत्रेतल्या तंबूत चित्रपट पाहत असे. तंबू त्याला का आवडे हे तो सांगे : अंधार झाला की शेजारी कोण बसले आहे ते दिसत नाही, आणि आपण कोण आहोत हेही कोणाला दिसत नाही. दोन-अडीच तास तो नुसता माणूस असे. मी मात्र त्या मुलाचा तेवढाही अंधार काढून घेतला होता. ‘फँड्री’ने प्रेक्षकावर दगड मारला होता, मी तो अशा सभागृहात लावला की दगड नेमका त्या मुलालाच लागला. चित्रपट तोच होता. मला जो जन्मभर पुरला, तो त्याला पाहिलाच नसता तर बरे असे झाले; किंवा अधिक नेमके बोलायचे तर, इतरांनी तो पाहिलाच नसता तर बरे असे झाले.

यावरून असे चित्रपट दाखवूच नयेत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मला मान्य नाही. प्रस्थापितांना तेच हवे आहे. हिंदीत ‘सैराट’चा ‘धडक’ (२०१८) झाला तेव्हा जातीची धार बोथट करून टाकली गेली. हसायला, रडायला सगळे मोकळे झाले आणि दगड कोणालाच लागला नाही. तसला सुरक्षित चित्रपट आपल्याला नको. पण चळवळीत काम करणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी चित्रपट दाखवताना काही पथ्ये पाळली पाहिजेत, असे मला अनुभवाने वाटते. ज्यांचे जगणे पडद्यावर आहे त्यांनी तो आधी, आपल्या माणसांत बसून पाहिलेला असावा. नको म्हणण्याचा त्यांचा हक्क मानला जावा. मिश्र सभागृहात दाखवण्यापूर्वी हसू कोठे येणार आहे याचा विचार दाखवणाऱ्याने केलेला असावा, आणि ते आलेच तर दिवे लावून तेथेच थांबण्याची तयारी असावी. ‘तुम्ही आत्ता कोणाबरोबर हसलात?’ हा प्रश्न समीक्षेच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक शिकवून जातो. तिसरे असे की फक्त आपल्या मरणाचे चित्रपट दाखवू नयेत. आपण गातो, भांडतो, जिंकतो तेही दाखवावेत.

तो मुलगा महिनाभराने परत आला. मी त्याच्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. त्याला ते आवडले की नाही हे मला कळले नाही. तो खाली मान घालून बसला होता. पुढल्या वर्षी मी ‘फँड्री’ आधी वसतिगृहात दाखवला, तेथे रात्री दोनपर्यंत पोरे बोलत राहिली. तो तिकडे फिरकला नाही. त्याने बी.ए. पूर्ण केले, आता तो नोकरी करतो, सणासुदीला फोन करतो. चित्रपटांवर आम्ही पुष्कळ बोलतो. त्या एका चित्रपटाचे नाव तो अजून घेत नाही, आणि मीही काढत नाही.